बी.एड.च्या प्राध्यापकांना इंटरनेटवरची जुनी कागदपत्रं वापरायला कसं शिकवावं?

मॅडम, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. परभणी जिल्ह्यातलं अध्यापक महाविद्यालय, दहा-बारा प्राध्यापक, त्यांत इतिहासाचे दोघेच. जुने दस्तऐवज, जनगणनेचे अहवाल, छायाचित्रं आता इंटरनेटवर आली आहेत, ती अध्यापनात कशी वापरायची यावर दोन दिवसांची कार्यशाळा घ्या, असं प्राचार्यांनी सांगितलंय. तुम्हाला वेबसाइटींची यादी हवी आहे, बाहेरून कोणाला बोलवावं हे विचारायचंय आणि प्रमाणपत्र कधी द्यायचं हेही ठरवायचंय.

यादी देतो, पण खाली. ते अर्ध्या तासाचं काम आहे. मी बरीच वर्षं इतिहास अध्यापन पद्धती शिकवली आणि मराठवाड्यातल्या अध्यापक महाविद्यालयांत अशा कार्यशाळा घेत आलो. यादी वाटून संपलेल्या कार्यशाळेनंतर ती यादी नोटीस बोर्डावर लागते आणि वर्षभर तिथेच राहते.

अडचण वेबसाइट माहीत नसण्याची नाहीच. 'प्राथमिक साधने' हा घटक आपल्या प्राध्यापकांनी वर्षानुवर्षं शिकवलेला असतो. प्रकार, गुण, मर्यादा, उदाहरणं. परीक्षेत त्यावर प्रश्न येतो, त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. पण एखादा जुना कागद समोर घेऊन, अक्षरं लावत, हा कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, यात काय राहून गेलंय असा तासभर त्याच्याशी झटलेला प्राध्यापक विरळा. त्यांना तसं कोणी कधी बसवलेलंच नाही. बालभारतीची इतिहासाची पुस्तकं बघा: सातवी, आठवी, नववी, तिन्हींत पहिला पाठ 'इतिहासाची साधने'. पोरं तीन वर्षं साधनांची नावं पाठ करतात, आपले छात्राध्यापक, म्हणजे बी.एड.चे विद्यार्थी, त्यावर चौकटींचा रंगीत तक्ता करून वर्गात लटकवतात, आणि एकही साधन कोणी उघडत नाही.

म्हणून दोन दिवसांत तीन गोष्टी साधायच्या आहेत. प्राध्यापकाने स्वतः एक कागद नीट वाचायचा. मग तोच कागद पस्तीस मिनिटांच्या तासिकेत बसवायचा. आणि छात्राध्यापकाने असा पाठ घेतला तर त्याला गुण कसे द्यायचे हे ठरवायचं. तिसरी गोष्ट जवळपास सगळेच विसरतात. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे तेही सांगून टाकतो. संगणक कक्ष चालू आहे की कुलपात, नेट टिकतं का, विद्यापीठाचं पाठ निरीक्षण पत्रक किती लवचिक आहे, प्राचार्य स्वतः दोन्ही दिवस बसणार आहेत की उद्घाटन करून मीटिंगला जाणार आहेत. पण सर्वांत मोठा फरक पडतो तो तुमच्या गावात उर्दू वाचणारं आणि मोडी वाचणारं कोणी मिळतं का यावर. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. दफ्तरं आधी फारसीत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उर्दूत, गावपातळीवरचं बरंच मोडीत. पुण्या-मुंबईच्या पद्धतीवर बेतलेल्या कार्यशाळा आपल्याकडे फसतात त्या इथेच. तिथे पेशवे दफ्तर आणि मुंबई सरकारचे इंग्रजी कागद गृहीत धरलेले असतात. आपल्या गावांचा कागद शोधायचा तर हैदराबादकडे तोंड करावं लागतं.

पहिल्या दिवशी सकाळी लॅपटॉप उघडू देऊ नका. प्रत्येकाच्या हातात एकच छापील कागद द्या. मी बहुधा जनगणनेपासून सुरुवात करतो, कारण आकडे सगळ्यांना वाचता येतात आणि गणित-विज्ञानाचे प्राध्यापक 'हे आमचं काम नाही' म्हणून मागच्या बाकावर सरकत नाहीत. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे १ कोटी १५ लाख होती, १९०१ मध्ये १ कोटी ११ लाख. त्याच दहा वर्षांत औरंगाबाद जिल्हा साधारण ८ लाख २९ हजारांवरून ७ लाख २१ हजारांवर आला. गणिताच्या सरांना टक्केवारी काढायला सांगा. संस्थानाची घट साडेतीन टक्क्यांच्या आत, औरंगाबादची तेरा टक्क्यांच्या आसपास. खोलीत लगेच आवाज येतो, "दुष्काळ!" बरोबर आहे, १८९९-१९०० चा दुष्काळ भीषण होता. पण तिथे थांबवून विचारा, हे या कागदात कुठे लिहिलंय? आकडा फक्त माणसं कमी झाली एवढंच सांगतो. मेली किती, गाव सोडून गेली किती, मधल्या काळात हद्दी बदलल्या का, मोजणी दोन्ही वेळा सारखीच झाली का? आणि त्या वेळचा औरंगाबाद जिल्हा म्हणजे आजचा नव्हे. जालना त्यातच होता, तो वेगळा झाला १९८१ मध्ये. आजच्या जनगणनेच्या पुस्तकात मागच्या दशकांचे आकडे आजच्या हद्दींप्रमाणे बेतून दिलेले असतात, त्यामुळे जुन्या अहवालाशी ते जुळत नाहीत. कुणीतरी मोबाइलवर वेगळा आकडा काढून दाखवेल, तेव्हा त्याला गप्प करू नका. तो फरक का पडला यातच अर्धा तास सत्कारणी लागतो.

त्यानंतर दुसरा कागद, म्हणजे छायाचित्र. राजा दीनदयाल हे सहाव्या निजामाचे, मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार. निजाम सरकारने दुष्काळात जी मदतीची कामं काढली त्यांची त्यांच्या स्टुडिओने काढलेली छायाचित्रं आहेत, त्यांत आपल्या औरंगाबाद भागातलीही आहेत आणि इंटरनेटवर ती मिळतात. बघणाऱ्याचा जीव कळवळतो, आणि तो कळवळला की चौकसपणा संपतो. म्हणून चित्रात काय दिसतं तेवढंच आधी लिहून घ्या: माणसं किती, कशी उभी-बसलेली, कोण कॅमेऱ्याकडे बघतंय, कपडे कोणाचे कसे. मग छायाचित्रकाराला पैसे कोणी दिले ते सांगा. ही मालिकाच सरकारची 'सत्कार्यं' दाखवण्यासाठी होती हे कळल्यावर ती शिस्तीत बसवलेली रांग वेगळी दिसायला लागते. छायाचित्र खोटं ठरत नाही. ज्यांच्यापर्यंत मदत पोचलीच नाही ते या चौकटीत येणं शक्य नव्हतं, एवढं मात्र लक्षात येतं. मग जनगणनेचा आकडा पुन्हा बाहेर काढा. आता दोन कागद एकमेकांशी बोलू लागतात.

दुपारी जेवणानंतर कोणीतरी हमखास बहात्तरच्या दुष्काळावर येतं. सुकडी, मिलो, खडी फोडायची कामं, आईने सांगितलेलं काहीतरी. येऊ द्या. तीही साक्षच आहे आणि तिलाही तेच प्रश्न लागू होतात. फक्त तास गप्पांत वाहून जाणार नाही एवढं बघा.

या वाचनात मी एक सवय मुद्दाम लावतो: मजकूर वाचण्याआधी तळाची सही, वरची तारीख आणि कागद कोणाकडून कोणाकडे गेला ते बघायचं. अमेरिकेतल्या सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ च्या एका अभ्यासात इतिहासकार आणि शाळकरी मुलं यांना तीच कागदपत्रं वाचायला दिली होती. इतिहासकार आधी 'हे कोण बोलतंय' ते पाहत. मुलं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत धड्यासारखं वाचत जात. आपले प्राध्यापक कार्यशाळेत अगदी त्या मुलांसारखंच वाचतात, आणि हे त्यांना आपलं आपण दिसलं की पुढचं काम निम्मं होतं. तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने शिक्षकांसाठी निरीक्षण, विचार आणि प्रश्न असा तीन रकान्यांचा साधा तक्ता केलाय. तो तसाच उचलायला हरकत नाही, फक्त उदाहरणं आपली घ्या. लिंकनचं पत्र घेऊन परभणीत कार्यशाळा करू नका. मी ती पाहिली आहे.

तारखेचा विषय निघालाच आहे तर फसली सनाला, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या महसुली सालाला, वीस मिनिटं राखून ठेवा. निजामाच्या राज्यातल्या कागदावर १३५८ असं साल दिसलं की मुलं तर सोडाच, प्राध्यापकही त्याला चौदावं शतक समजतात. ढोबळ हिशेब असा की फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्याने एका वर्षाचा मागेपुढे फरक धरायचा. जहागिऱ्या रद्द करणारा हैदराबादचा कायदा १३५८ फसलीचा, म्हणजे १९४९ चा. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर, म्हणजे भारतीय सैन्याने हैदराबाद ताब्यात घेतल्यानंतर, वर्षही झालं नव्हतं, भारत सरकारचा लष्करी अंमल होता, तरी कायद्यावर साल निजामाचंच. आठवीच्या वर्गात एवढ्या एका गोष्टीवर उत्तम पाठ होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोध. आता यादी. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे पोर्टल. नाव नोंदवून मोफत वापरता येतं आणि ब्रिटिश रेसिडेन्सीशी (निजामाच्या दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या कचेरीशी) संबंधित इंग्रजी कागद इथे सापडतात. महाराष्ट्राच्या गॅझेटिअर विभागाने आपल्या जिल्ह्यांची गॅझेटिअर इंटरनेटवर ठेवली आहेत. १९०९ च्या इम्पीरियल गॅझेटिअरच्या प्रांतिक मालेत हैदराबाद संस्थानाचा स्वतंत्र खंड आहे. जनगणना कार्यालयाचं डिजिटल ग्रंथालय, इंटरनेट अर्काइव्ह, खरगपूर आयआयटीने चालवलेली राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी, उर्दू पुस्तकांसाठी रेख्ता. अजिंठा-वेरूळसाठी परदेशी संग्रहालयांची दालनं: रॉबर्ट गिलने एकोणिसाव्या शतकात अजिंठ्याला राहून काढलेली छायाचित्रं आणि थॉमस डॅनियलने जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून १८०३ मध्ये छापलेली वेरूळची चित्रं. कला शिक्षणाच्या मॅडमना ही द्या, त्या बाकी काही मागणार नाहीत. डिजिटल नसलेलं पण जवळचं म्हणजे राज्य पुराभिलेख विभागाचं छत्रपती संभाजीनगरचं कार्यालय, आणि हैदराबादला तारनाक्याचं तेलंगणा राज्य अभिलेखागार, जिथे निजामाच्या राज्याचंच नव्हे तर शहाजहान-औरंगजेबाच्या काळातलं दख्खनचं दफ्तरही आहे.

यादीपेक्षा कामाची गोष्ट म्हणजे गावांची जुनी नावं आणि इंग्रजांची स्पेलिंग. 'अंबाजोगाई' टाकून काही येत नाही. निजामाच्या काळात ते मोमिनाबाद होतं. धाराशिव म्हणजे उस्मानाबाद हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याआधी जिल्ह्याला नळदुर्ग जिल्हा म्हणत, हे ठाऊक नसलं की एकोणिसाव्या शतकातलं काहीच हाती लागत नाही. बीडसाठी बी-एच-आय-आर आणि बी-आय-आर दोन्ही, नांदेडसाठी शेवटी 'आर' असलेलं 'नांदेर', माजलगावसाठी 'मांजलेगाव', औरंगाबादसाठी मधे 'यू' घातलेलं स्पेलिंग. प्रत्येक प्राध्यापकाला आपल्या मूळ गावाची किंवा तालुक्याची अशी रूपं काढायला लावा. स्वतःच्या गावाचं नाव शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पानावर दिसलं की माणूस चहालाही उठत नाही.

दोन तांत्रिक सूचना. एक, सगळं आधी उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. आपल्या नेटचा भरवसा नाही हे तर आहेच, पण त्या वेबसाइटींचाही नाही: ऑक्टोबर २०२३ मधल्या सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीचे डिजिटल संग्रह कित्येक महिने बंद होते. दुसरं, कागदाचं चित्र व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं की त्याची अक्षरं मरतात; डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि झेरॉक्स काढताना प्रत्येक प्रतीच्या मागे तो कुठल्या संग्रहातला, कोणत्या क्रमांकाचा, कोणत्या तारखेचा, कोणतं पान हे लिहून घ्या. हे आज नाही झालं तर कधीच होत नाही, आणि पुढच्या वर्षी 'एक जुना फोटो' एवढीच त्याची ओळख उरते.

बाहेरून कोणाला बोलवावं? संगणकाचा तज्ज्ञ नको. मोडी वाचणारा एक आणि उर्दू वाचणारा एक असे दोघं, अर्ध्या दिवसासाठी. उर्दू शाळेतले एखादे जुने सर आनंदाने येतात, आणि बऱ्याच प्राध्यापकांना शेजारच्या शाळेतल्या त्या सरांशी पहिल्यांदाच एका टेबलावर बसायची वेळ येते. छापील उर्दूचा ढोबळ अर्थ मोबाइलवरचं भाषांतर लावून देतं, पण शिकस्त वळणाच्या, म्हणजे घाईने जोडून लिहिलेल्या हस्ताक्षरापुढे ते हात टेकतं. माणूस ओळ कशी लावतो, कुठे अडखळतो, कुठे 'हे मला लागत नाही' म्हणतो, ते समोर बघायला मिळणं हाच त्या सत्राचा उपयोग. अर्ध्या दिवसात लिपी शिकवायच्या भानगडीत पडू नका.

आता आपल्याकडचा एक नाजूक संदर्भ, जो टाळता येणार नाही. २०२३ पासून मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध चालू आहे. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामातून मोडी-उर्दूतल्या नोंदी तपासल्या गेल्या, स्कॅन झाल्या, आणि सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द पारावरच्या गप्पांत आला. तुमच्या कार्यशाळेत तो पहिल्या तासातच निघेल. आरक्षणाच्या बाजूने किंवा विरुद्ध तिथे चर्चा होऊ देऊ नका, ती संपत नाही आणि माणसं दुखावतात. पण त्यातून शिकवण्यासारखं एक आहे: महसूल, जन्म-मृत्यू, शाळा प्रवेश यांसाठी लिहिलेला कागद शंभर वर्षांनी तिसऱ्याच कामासाठी वाचला जातोय. लिहिणाऱ्या कारकुनाला काय नोंदवायचं होतं आणि आज आपण त्याला काय विचारतोय, या दोन्हींतलं अंतर दाखवायला याहून जिवंत उदाहरण मिळणार नाही. उदाहरणाला मात्र खोलीतल्या कोणाच्या घराण्याची नोंद घेऊ नका.

त्याच कारणाने, छात्राध्यापकांना 'घरातले जुने कागद आणा' असं सरसकट सांगू नका. खासरा पाहणी, वाटणीपत्रं, सावकाराचे रुक्के हे सगळं घरोघरी ट्रंकेत आहे आणि साधन म्हणून ते सोनं आहे. पण त्यात भावकीचे चालू दावे असतात, जात असते, कर्ज असतं. आणायचेच तर घरच्यांना विचारून, नावं झाकून, आणि ग्रुपवर न टाकता.

असंच १९४८ चं. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचा कार्यक्रम प्रत्येक महाविद्यालयात होतो, तेव्हा त्या काळातले कागद कोणी तरी मागणारच. चांगले कागद आहेत. भारत सरकारने १९४८ मध्ये काढलेली हैदराबादवरची श्वेतपत्रिका आहे. हैदराबाद सरकारने ऑगस्ट १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे केलेली तक्रार आणि त्यावरची सप्टेंबरातली कामकाजाची नोंद डिजिटल स्वरूपात मिळते. दोन्ही सरकारी कागद, दोन्ही तिसऱ्याला पटवण्यासाठी लिहिलेले. एकेका पानाचा उतारा शेजारी शेजारी ठेवला की कोणता मुद्दा एकात ठळक आहे आणि दुसऱ्यात गायब, हे प्राध्यापक स्वतः शोधतात. पोलीस कारवाईनंतरच्या हिंसाचारावरचा सुंदरलाल समितीचा अहवालही आता इंटरनेटवर फिरतो. त्यात उस्मानाबाद आणि नांदेड या आपल्या जिल्ह्यांचा उल्लेख सर्वाधिक झळ बसलेल्यांत आहे. खोलीत रझाकारांचा जाच सोसलेल्या घरातले लोक असतात आणि कारवाईनंतर माणसं गमावलेल्या घरातलेही असतात. हे कागद पहिल्या दिवशी काढू नयेत, पण काढूच नयेत असं मी म्हणणार नाही. छात्राध्यापकांनी ते मोबाइलवर आधीच पाहिलेले असतात, तेही कोणीतरी कापून, वर लाल बाण मारून पाठवलेले. निदान पूर्ण पान, तारीख आणि सही कुठे आहे ते वर्गात दिसू दे. प्राचार्य पाठीशी नसतील तर मात्र या वर्षी दुष्काळावरच थांबा.

इथपर्यंतचं थोडक्यात: पहिला दिवस एक-दोन छापील कागदांचा, दुसऱ्या दिवशीची सकाळ शोधाची आणि मोडी-उर्दूच्या ओळखीची. उरली दुसऱ्या दिवसाची दुपार, आणि माझ्या हिशेबाने कार्यशाळा खरी तिथे आहे.

प्रत्येक प्राध्यापकाने कालच्या कागदावर पस्तीस मिनिटांच्या पाठाचं टाचण काढायचं. कागद पाच-सहा ओळींपेक्षा मोठा नको. कापला तर कापलाय हे टिंबांनी दाखवायचं. मधली अडचणीची ओळ गुपचूप गाळायची नाही आणि भाषा 'सोपी' करून मूळ म्हणून द्यायची नाही. सोपं रूप द्यायचं तर मूळाखाली वेगळं. प्रश्न एकच मुख्य, आणि तो असा की पुस्तक उघडून त्याचं उत्तर सापडणार नाही. जहागिरी कायद्याचं उदाहरण घ्या. 'जहागिऱ्या कधी रद्द झाल्या' हा प्रश्न कागदाचा नाही, गाइडचा आहे. 'हा कायदा वाचून जहागीरदाराच्या कारकुनाला काय वाटलं असेल, आणि कायद्यातल्या कोणत्या शब्दावरून तुम्ही तसं म्हणता' हा कागदाचा प्रश्न.

टाचणाच्या नमुन्यात 'अपेक्षित उत्तर' असा रकाना असतो. सगळं तिथे अडतं. छात्राध्यापक त्यात एक ओळ लिहितो, निरीक्षक ती ओळ वर्गातून आली की खूण करतो, आणि मुलाने दुसरं काही सांगितलं की छात्राध्यापक घाबरून त्याला खाली बसवतो. माझा नियम असा की कागदावरच्या प्रश्नासमोर त्या रकान्यात किमान दोन उत्तरं लिहायची, आणि प्रत्येकापुढे कागदातली कोणती ओळ त्याला आधार देते ते. प्राध्यापकांना हे स्वतः करायला लावा. पहिलं उत्तर झटकन येतं. दुसऱ्याला वेळ लागतो, कागद पुन्हा वाचावा लागतो, आणि दुसरं येतच नसेल तर प्रश्न बदलावा लागतो. या एका रकान्याने जेवढं काम केलंय तेवढं माझ्या कुठल्याच व्याख्यानाने केलेलं नाही.

मग निरीक्षण पत्रक. तुमच्याही पत्रकात प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, शैक्षणिक साधनं, फलकलेखन, वर्ग नियंत्रण, मूल्यमापन असे मुद्दे असणार. कागद घेऊन घेतलेला पाठ या पत्रकावर नेहमी मार खातो. मुलं गटात वाद घालतात, म्हणून वर्ग नियंत्रणाचे गुण जातात. हेतुकथनात निष्कर्ष आधी सांगितलेला नसतो, म्हणून तिथेही कापाकापी. उलट प्रोजेक्टरवर ताम्रपटाचा फोटो दोन मिनिटं झळकवून पुढे गेलेल्या छात्राध्यापिकेला शैक्षणिक साधनांचे पैकीच्या पैकी गुण. पोरं हुशार असतात, कशाला गुण मिळतात ते पहिल्या आठवड्यात ओळखतात. तुमची कार्यशाळा कितीही रंगली तरी पत्रक तसंच राहिलं तर तिचा सराव पाठांवर परिणाम होणार नाही.

विद्यापीठाचं पत्रक तुम्हाला बदलता येणार नाही, आणि त्यासाठी भांडत बसायची गरजही नाही. त्याला जोडून अर्ध्या पानाची पुरवणी करा. कागद मुलांनी वाचला की शिक्षकाने वाचून दाखवला? 'कोणी, कधी, कशासाठी' हे विचारलं गेलं का? वेगळं उत्तर आलं तेव्हा कागदातला आधार मागितला की उत्तर फेटाळलं? कागदाचा ठावठिकाणा फळ्यावर होता का? या चार मुद्द्यांचे गुण 'शैक्षणिक साधनं' आणि 'विषय विवेचन' यांच्या आतच मोजायचे. सगळ्या प्राध्यापकांनी एकाच पाठाला स्वतंत्रपणे गुण देऊन पाहा. दोघांतिघांपैकी एकाने पाठ घ्यायचा, बाकीचे विद्यार्थी आणि निरीक्षक. गुणांत मोठा फरक येतो, आणि त्या फरकावरची बाचाबाची हेच त्या दुपारचं प्रशिक्षण. वेळ कमी पडला तर सकाळचा शोध कापा, हे कापू नका.

इतिहासाबाहेरच्या प्राध्यापकांची काळजी फार करू नका. गणिताच्या सरांचं वर आलंच. भाषेच्या लोकांना जुन्या गॅझेटिअरमधला आपल्या लोकांवरचा एखादा परिच्छेद द्या. लिहिणाऱ्याचा तोरा कुठल्या विशेषणांत दिसतो ते ते बरोबर पकडतात. भूगोलवाल्यांना जुना नकाशा. कोणाला नकोच असेल तर त्याला पाठाचा निरीक्षक करा.

प्राचार्यांकडे पैसे मागू नका, खर्च झेरॉक्स आणि दोन पाहुण्यांच्या मानधनाचा, फार होत नाही. मागायचं ते एकच: आंतरवासितेच्या, म्हणजे शाळेतल्या सराव पाठांच्या, वेळापत्रकात प्रत्येक छात्राध्यापकाचे निदान दोन पाठ कागदावर आधारित असावेत, आणि ते लेखी यावं. त्याशिवाय महिन्यातून एका शनिवारी तासभर, आळीपाळीने एका प्राध्यापकाने एक कागद आणायचा. हा शनिवार तीन महिने टिकला तर वर्षभर टिकतो, असा माझा अनुभव आहे. पहिल्या महिन्यात मात्र तुम्हालाच कागद आणावा लागेल, दुसऱ्यातही बहुधा.

आणि प्रमाणपत्र. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देऊ नका. प्राध्यापकाने आपल्या एका छात्राध्यापकाचा असा पाठ जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन बघितला, पुरवणी भरली आणि कागदाच्या प्रतीसह ती कार्यालयात जमा केली की मग द्या. काहीजण कुरकुर करतील, सेवापुस्तिकेत नोंद हवी असते, घाई असते. तरीही थांबवा. प्राचार्यांना ते जड वाटलं तर दोन दिवसांच्या उपस्थितीचं साधं पत्र द्या, आणि प्रमाणपत्र त्यापासून वेगळं ठेवा.